भीमगीतातला ‘मायबाप’ कोण? आपल्या गाण्यांचा अर्थ लावताना

दरवर्षी १४ एप्रिलच्या रात्री आम्ही बिंदू चौकात असतो. ९ डिसेंबर १९५० रोजी भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने याच चौकात महात्मा फुले आणि बाबासाहेबांचे पुतळे बसवले गेले. बाबासाहेब हयात असताना त्यांचा पुतळा उभारणारे शहर म्हणून कोल्हापूरकर आजही हे अभिमानाने सांगतात. जयंतीच्या रात्री त्या पुतळ्यासमोरून मंडळांच्या मिरवणुका जातात. साउंड सिस्टीमच्या भिंती उभ्या असतात, छातीत धडधडेल असा ठेका असतो आणि पोरं बेभान नाचत असतात. नाचण्याला आमचा विरोध नाही. ज्यांच्या आजोबांना रस्त्याने चालतानाही अंग चोरावे लागले, त्यांच्या नातवंडांनी भर चौकात हात वर करून नाचणे हीसुद्धा एक घोषणाच आहे. पण त्या ठेक्यात गाण्याचे शब्द बुडून जातात, हेही खरे आहे.

जयंतीनंतरच्या रविवारी आमच्या वस्तीतल्या विहारात अभ्यासवर्ग होता. विषय बावीस प्रतिज्ञांचा होता. कॉलेजात शिकणारा एक तरुण उठला आणि म्हणाला, “दादा, आपण देव मानणार नाही असं म्हणतो. मग आपल्याच गाण्यांत बाबासाहेब मायबाप, कुठं माउली, कुठं रमाईचं कुंकू, कुठं ओटी, हे सगळं कशाला? ही भक्तीच झाली की. असली गाणी बंद केली पाहिजेत.”

प्रश्न प्रामाणिक होता. आम्ही उत्तर जुळवत होतो, तेवढ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एक आज्जी म्हणाल्या, “आरं, माझा सासरा पाटलाच्या वाड्याम्होरं उभारून मायबाप म्हणायचा. पायरी चढायची न्हाई, लांबनंच म्हणायचं. म्या बाबासाहेबांस्नी मायबाप म्हटलं तर तुझं काय गेलं रं?”

वर्गात हशा झाला. पण आज्जींनी एका वाक्यात जे सांगितले, ते सांगायला आम्हाला हा अख्खा लेख लिहावा लागतो आहे.

आज आपल्या गाण्यांभोवती दोन गट दिसतात. पहिल्याला गाण्याचे शब्द नकोत, फक्त ठेका हवा. दुसऱ्याला शब्द दिसतात, पण ते तो शब्दकोशात बघून वाचतो. कुंकू म्हणजे हिंदू, ओटी म्हणजे कर्मकांड, मायबाप म्हणजे भक्ती, असा त्याचा हिशोब असतो. दोघांच्याही हातून एकच गोष्ट निसटते, ती म्हणजे गाण्यातला इतिहास. तिसरा एक गट आपल्या बाहेर आहे. तो मराठी साहित्याच्या मुख्य प्रवाहात बसून भीमगीतांना ‘प्रचारकी’ म्हणतो आणि पान उलटतो. त्याच्याकडे शेवटी येऊ.

आमचे म्हणणे असे आहे की भीमगीत ऐकताना तीन प्रश्न विचारले पाहिजेत. हे कोण गाते आहे? कुणासाठी गाते आहे? आणि हे कशाच्या जागी गायले जात आहे? यातला तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. कारण आपल्या लोकांना कोरा कागद कधीच मिळाला नाही. त्यांना जे काही लिहायचे होते, ते आधी कुणीतरी लिहून ठेवलेल्या ओळींवरच लिहावे लागले. त्यामुळे खाली काय लिहिलेले होते हे कळल्याशिवाय वर काय लिहिले आहे ते कळत नाही.

गणाच्या जागी काय आले?

ही रीत समजून घ्यायची तर जलशापासून सुरुवात करावी लागेल. तमाशाची जुनी बांधणी ठरलेली होती. आधी गण, मग गौळण, बतावणी, लावणी आणि शेवटी वग. गणात गणपतीला वंदन. गौळणीत मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणी, त्यांची मावशी आणि वाट अडवणारा कृष्ण. हा सगळा खेळ उभा करणारे कलावंत बहुतांशी महार, मांग, कोल्हाटी अशा जातींचे होते. म्हणजे कला आपली, अंगमेहनत आपली, पण रंगमंचावर पहिला मान ज्या देवाला द्यायचा त्याच्या देवळात आपल्याला प्रवेश नाही.

महात्मा फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे या चळवळीने तमाशाचा हाच साचा उचलला आणि सत्यशोधक जलसा उभा केला. जलसेकऱ्यांनी गण ठेवला, पण त्याचा अर्थ फिरवला. गण म्हणजे लोक, आणि गणपती म्हणजे लोकांचा नायक. गौळणीतली कृष्णाची छेडछाड गेली आणि त्या जागी भट-भिक्षुकशाहीला प्रश्न विचारणारे संवाद आले. आपल्या करवीर संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या पाठबळाने ११ जानेवारी १९११ रोजी शाहू सत्यशोधक समाज स्थापन झाला, आणि दक्षिण महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत हा विचार पोचवण्यात जलशांचा मोठा वाटा राहिला.

आंबेडकरी जलसा या परंपरेतूनच आला. १९३०च्या दशकात नाशिककडच्या भीमराव कर्डकांनी आणि त्यांच्या साथीदारांनी तो गावोगाव नेला. या जलशांत गणाच्या जागी भीमवंदना आली. गौळणीतल्या रंगेल थट्टेला फाटा मिळाला. वगात राजा-राणीऐवजी सावकार, दारू, अंधश्रद्धा, मुलांची शाळा आणि सत्याग्रह आला. आपली दहा भाषणे आणि कर्डकांचा एक जलसा सारखाच, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याची आठवण चळवळीत आजही सांगितली जाते. ज्या समाजात वर्तमानपत्र वाचू शकणारी माणसे बोटांवर मोजण्याइतकी होती, तिथे जलसा हेच वर्तमानपत्र होते. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, ‘बहिष्कृत भारत’ १९२७ मध्ये निघाला. पण ते छापील शब्द शेवटच्या झोपडीपर्यंत डफ-ढोलकीनेच पोचवले.

आता आपला तिसरा प्रश्न लावून पाहा. भीमवंदना कशाच्या जागी आली? देवाच्या जागी. मग बाबासाहेबांचा देव झाला का? वरवर पाहिले तर तसे वाटते. पण जलसेकऱ्याच्या बाजूने पाहिले तर उलट दिसते. रंगमंचावरच्या पहिल्या मानाची जागा आतापर्यंत ज्याला राखून ठेवली होती, त्याला तिथून उठवले आणि एका हाडामांसाच्या, आपल्यातल्या, शिकलेल्या माणसाचे नाव तिथे घेतले. जिथे नमन होते तिथे परिचय आला. हा कोण, कुठे शिकला, महाडला काय केले, लंडनला काय बोलला, हे त्या गाण्यांत सांगितलेले असते. देवाच्या गाण्याला अशा पुराव्याची गरज पडत नाही.

जोहार, मायबाप आणि वतन

आता आज्जींच्या वाक्याकडे येऊ. गावगाड्यात महाराने वरच्या जातीच्या माणसाला ‘जोहार’ घालायचा, ‘मायबाप’ म्हणायचे, अशी रीत होती. चोखोबांच्या अभंगांत हा जोहार आहे. पुढे एकनाथांनी महाराच्या तोंडी जोहाराची भारुडे घातली. ‘मायबाप सरकार’ हा शब्दप्रयोग आजही कचेरीतल्या अर्जांत सापडतो. म्हणजे ‘मायबाप’ हा शब्द आपल्या लोकांच्या तोंडी पिढ्यान्‌पिढ्या होता, पण आईबापासाठी कमी आणि मालकासाठी जास्त. जन्म देणारा बाप घरात, आणि ज्याच्यापुढे हात जोडून ‘मायबाप’ म्हणायचे तो वाड्यात.

या शब्दामागे एक आर्थिक व्यवस्था होती. ती म्हणजे महार वतन. वतन म्हटले की कुणालाही जमीनजुमला आणि मान आठवतो. महाराच्या वाट्याला आलेले वतन म्हणजे गावाची रात्रंदिवस फुकट चाकरी, आणि तिच्या बदल्यात तुटपुंजी जमीन व दारोदार मागायचे बलुते. बापाकडून मुलाला वारसाने जे मिळायचे, ते हेच. वारसा म्हणजे गुलामीचा सातबारा.

कोल्हापूरच्या वाचकांनी ही गोष्ट अभिमानाने लक्षात ठेवावी की शाहू महाराजांनी आपल्या संस्थानात १९१८ मध्येच महार वतन रद्द केले. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदे मंडळात वतन सुधारणेचे विधेयक मांडले आणि त्यासाठी वर्षानुवर्षे झगडले. मुंबई राज्यात कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा झाला १९५८ साली, म्हणजे बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणानंतर.

ही पार्श्वभूमी मनात ठेवून भीमगीतातला ‘बाप’ पुन्हा ऐका. ज्या माणसाने ‘मायबाप’ हा शब्द वाड्याच्या पायरीवर ठेवला होता, त्याने तो तिथून उचलून आणला आणि बाबासाहेबांना दिला. पाटलाकडून काढून घेतला हे आधी, बाबासाहेबांना दिला हे नंतर. या दोन कृतींपैकी पहिली आपल्याला ऐकूच येत नाही, कारण ती गाण्यात बोलून दाखवलेली नाही. ती ऐकणाऱ्याला माहीत होती. १९४०-५० सालच्या श्रोत्याला ‘मायबाप’ ऐकताच वाडा आठवत होता. आपल्याला आठवत नाही, हीच तर बाबासाहेबांच्या लढ्याची कमाई आहे. पण त्या विस्मरणामुळे गाण्याचा अर्धा अर्थ आपण गमावून बसलो.

आणि बाप म्हटल्यावर वारसा आलाच. त्या गाण्यांत बापाने काय ठेवले हे नेहमी सांगितलेले असते. पुस्तक, पेन, कायदा, मतदानाचा हक्क, माणूस म्हणून मान. वतनाच्या जागी हा वारसा आला. समाजशास्त्राच्या भाषेत बोलायचे तर नात्याची शब्दावली वापरून इथे वारसाहक्काचा दावा केलेला आहे. राज्यघटनेला ‘आमच्या बापानं लिहिली’ असे जेव्हा आपला माणूस म्हणतो, तेव्हा तो लाडात येऊन बोलत नसतो. या देशाच्या मालमत्तेत आपला वाटा आहे, असे तो सांगत असतो. ‘जोहार’ची जागा ‘जयभीम’ने घेतली, तोही याच प्रक्रियेचा भाग. कमरेत वाकून घालायच्या नमस्काराच्या जागी ताठ उभे राहून, समोरच्याच्या डोळ्यांत बघून करायचा नमस्कार आला.

चाल त्यांची, शब्द आपले

भीमगीतांवर दुसरा आक्षेप चालींचा असतो. सिनेमाच्या गाण्याची चाल उचलली, यात काय कला, असे विचारले जाते. सिनेमाचे माहेरघर म्हणवणाऱ्या कोल्हापुरात हा आक्षेप जास्तच ऐकू येतो. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी इथली, १९२९ मध्ये स्थापन झालेली प्रभात इथली. सिनेसंगीताचा कान असलेल्या शहराला उसनी चाल चटकन ओळखू येते.

या आक्षेपाचे उत्तर महाकवी वामनदादा कर्डक यांच्या आयुष्यात आहे. १५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मलेला हा माणूस कामाच्या शोधात मुंबईला आला, तेव्हा त्याला अक्षरओळख नव्हती. शेजारच्या माणसाने गावाकडून आलेले पत्र वाचायला दिले आणि वामनदादांना ते वाचता येईना. त्या लाजेने ते रडले. मग समता सैनिक दलाच्या वातावरणात त्यांनी बाराखडी गिरवली आणि दुकानांच्या पाट्या वाचत वाचत वाचायला शिकले. त्यांचे पहिले गीत १९४३ मधले, आणि ते होते एका हिंदी सिनेगीताचे विडंबन. तिथून निघालेला हा माणूस २००४ मध्ये जाईपर्यंत हजारो गाणी लिहून आणि गाऊन गेला.

पहिला प्रश्न विचारा, कोण गाते आहे? ज्याला काल वाचता येत नव्हते तो. दुसरा प्रश्न, कुणासाठी? ज्यांना आजही वाचता येत नाही त्यांच्यासाठी. अशा श्रोत्यापर्यंत नवे शब्द पोचवायचे तर चाल ओळखीची हवी. चाल माहीत असली की गाणे एकदा ऐकून पाठ होते. त्याला वही लागत नाही, मास्तर लागत नाही, पैसा लागत नाही. बाई शेतात भांगलताना ते म्हणू शकते. कव्वाली, लावणी, पोवाडा, भजन, पाळणा, सिनेगीत, जे कानावर होते ते सगळे या शाहिरांनी वापरले.

आणि तिसरा प्रश्न, कशाच्या जागी? ज्या चालीवर नायक नायिकेच्या मागे धावत होता, त्या चालीवर महाडच्या तळ्याचे पाणी आले. २० मार्च १९२७ला काय घडले हे शाळेच्या पुस्तकात नव्हते तेव्हा ते या चालीत होते. प्रल्हाद शिंदे यांचेच उदाहरण घ्या. त्यांची विठ्ठलाची गाणी महाराष्ट्रातल्या सगळ्या जातींच्या घरांत वाजतात. त्याच गळ्याने भीमगीतेही गायली, ती मात्र आपल्याच वस्त्यांत राहिली. गळा एक, चालींची धाटणी एक. मग समाजाने निवड केली ती कशाची? शब्दांची. म्हणजे शब्दांत काहीतरी आहे, हे आपल्याआधी त्यांनी ओळखले.

गाण्यातली बाई

आता कुंकू आणि ओटी. हा मुद्दा नीट समजायला एक पाऊल मागे, लावणीपर्यंत जावे लागेल.

पठ्ठे बापूराव हे लावणीतले मोठे नाव. मूळचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, वाळवा तालुक्यातल्या रेठरे हरणाक्षचे ब्राह्मण. त्यांच्या फडाची कीर्ती झाली ती पवळा या महार समाजातल्या कलावतीमुळे. महाडच्या सत्याग्रहाच्या काळात पठ्ठे बापूरावांनी तमाशाच्या खेळांचे उत्पन्न चळवळीला देऊ केले, तेव्हा बाबासाहेबांनी ते नाकारले. आपल्या आयाबहिणींना नाचवून मिळालेला पैसा नको, ही त्यामागची भूमिका. चळवळीला पैशाची किती चणचण होती हे लक्षात घेतले तर या नकाराचे वजन कळते. पुण्याच्या दिवंगत समाजशास्त्रज्ञ शर्मिला रेगे यांनी लावणी आणि जलसे यांचा जातीच्या अंगाने अभ्यास केला. लावणीतली बाई कुणाच्या नजरेने लिहिली गेली आणि कुणाच्या देहावर ती खेळली गेली, हा प्रश्न त्यांनी अकादमिक जगाला विचारायला लावला.

पुढे मराठी सिनेमाने तमाशा पडद्यावर आणला. १९५९चा ‘सांगत्ये ऐका’, १९७२चा ‘पिंजरा’. ‘पिंजरा’ची गीते आपल्या जिल्ह्यातल्या हळदी गावच्या जगदीश खेबुडकरांची आणि संगीत राम कदम यांचे. गाणी अजोड आहेत, आम्हालाही पाठ आहेत. पण त्या कथेचा भार पाहा. आदर्श मास्तराचे पतन हे शोकांतिकेचे केंद्र आहे. तमासगिरीण बाई ज्या व्यवस्थेतून आली, त्या व्यवस्थेची शोकांतिका कुणी सांगितली?

या बाईच्या जागी भीमगीतात कोण आले? रमाई आली. गोवऱ्या थापणारी, उपास काढणारी, लेकरे गमावलेली, नवरा परदेशात शिकत असताना घर ओढणारी. २७ मे १९३५ रोजी रमाई गेल्या. पुढे बाबासाहेबांनी ‘थॉट्स ऑन पाकिस्तान’ हा ग्रंथ ‘रामू’च्या स्मृतीला अर्पण केला. पण ग्रंथ वाचणारे किती? रमाईला घराघरांत नेले ते गाण्यांनी. ज्या समाजाच्या बाईला मराठी गाण्यात फक्त बघण्याची वस्तू म्हणून जागा होती, त्या समाजाच्या बाईचे कष्ट पहिल्यांदा गाण्याचा विषय झाले.

मग त्या रमाईच्या कपाळावरचे कुंकू? इथे काळाचे भान ठेवावे लागते. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला मनुस्मृती दहनानंतर बाबासाहेबांनी स्त्रियांपुढे भाषण केले. लुगडे कसे नेसावे, अंगावरचे जातीची खूण सांगणारे कथलाचे-चांदीचे ओझे का टाकावे, मुलांना शाळेत का घालावे, हे त्यांनी सांगितले. नेसण्याची पद्धत, दागिना, कपाळ या गोष्टी त्या काळी जात दाखवणारे फलक होते. वरच्या जातीच्या बाईसारखे नेसणे हा गुन्हा मानला जाण्याच्या काळात आपली बाई सन्मानाने संसार करणारी गृहिणी म्हणून गाण्यात उभी राहते. लावणीने तिला संसाराबाहेर ठेवले होते. कुंकवाचा उल्लेख त्या सन्मानाच्या मागणीतून आला.

ओटीचेही तेच. ओटी कोण भरते? माहेर भरते. लेक सासरी निघाली की माहेरची माणसे ओटी भरतात. एका खूप गाजलेल्या गाण्यात भीमरावांनी बाईची ओटी भरल्याचे रूपक आहे. ते गाताना बाई सांगते की मला माहेर आहे, मी बेवारस नाही. जात्यावरच्या ओव्यांतही हे दिसते. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांच्या पुढाकाराने गोळा झालेल्या लाखाहून अधिक ओव्यांमध्ये बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. त्यांत बाया त्यांना घरातल्या नात्याने हाक मारतात. ही भाषा त्या बायांची स्वतःची आहे. धम्माची पारिभाषिक मराठी त्यांच्यापर्यंत पोचायची होती तेव्हा त्यांनी हाताशी असलेल्या शब्दांनीच आपली क्रांती मांडली.

मैनेच्या आड महाराष्ट्र

गाणे वरून एक आणि आतून एक असू शकते, हे अण्णा भाऊ साठ्यांनी आपल्याला सर्वांत ठळकपणे दाखवले. वाटेगावचा हा शाहीर आपल्या शेजारचा. त्यांची ‘माझी मैना’ ही छक्कड आजही कार्यक्रमांत विरहगीत म्हणून गायली जाते. पोटासाठी मुंबईला आलेला कामगार, गावाकडे राहिलेली बायको. पण छक्कड शेवटाला येते तेव्हा मैनेचा विरह हा तुटलेल्या महाराष्ट्राचा विरह होतो. बेळगाव, कारवार, निपाणी. निपाणी कोल्हापूरहून तासाभराच्या वाटेवर आहे. १९२५ मध्ये बहिष्कृत परिषदेसाठी बाबासाहेब तिथे आले होते. १९५६ मध्ये ती म्हैसूर राज्यात गेली. शेवटचा भाग गाळून छक्कड गायली की उरते ते फक्त प्रेमगीत. अण्णा भाऊंच्या जग बदलण्याच्या गीताचेही हेच होते. ते सगळ्या पक्षांच्या व्यासपीठांवर गायले जाते. पण जग बदलायला सांगून गेले ते कोण, हे शाहिराने नाव घेऊन सांगितले आहे. ते नाव गिळून गाणे गाणाऱ्यांपासून सावध राहा.

ही गोष्ट फक्त आपल्याकडचीच नाही. अमेरिकेत गुलामीतून पळालेल्या फ्रेडरिक डग्लस यांनी १८४५च्या आत्मकथनात लिहिले की गुलाम गातात म्हणजे ते सुखी आहेत असे गोऱ्यांना वाटते, प्रत्यक्षात ते सर्वाधिक दुःखात असतात तेव्हाच सर्वाधिक गातात. डु बॉईस यांनी १९०३च्या आपल्या ग्रंथात प्रत्येक प्रकरणाच्या आरंभी या शोकगीतांच्या सुरावटी छापल्या आणि शेवटचे प्रकरण त्यांच्यावरच लिहिले. याच डु बॉईस यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिले होते. कृष्णवर्णीयांनी आपल्या गाण्यांना इतिहासाचे साधन मानले आणि विद्यापीठांना ते मानायला लावले. आपण अजून आपल्या गाण्यांना जयंतीचे साहित्य समजतो. ‘प्रचारकी’ म्हणून पान उलटणाऱ्यांना आमचे एवढेच उत्तर आहे. संतांनी नामाचा प्रचार केला, कुणी त्याला प्रचारकी म्हटले नाही. अडचण प्रचाराची नसावी, प्रचार कशाचा याची असावी.

मग सगळीच गाणी ठेवायची का?

नाही. त्या तरुणाचा प्रश्न आम्ही झटकून टाकत नाही. १४ ऑक्टोबर १९५६ ही आपल्यासाठी रेषा आहे. त्याआधीच्या किंवा लगतच्या काळातल्या बाईने हाताशी असलेल्या शब्दांत गायलेले गाणे, आणि आज स्टुडिओत बसून बाबासाहेबांना अवतार, चमत्कारी पुरुष, नवसाला पावणारा ठरवणारे गाणे, यांना एकाच मापाने मोजता येणार नाही. पहिल्याने देवाची जागा रिकामी केली, दुसरा ती पुन्हा भरतो आहे. पहिले जपायचे, दुसऱ्याला विरोध करायचा. बुद्ध विष्णूचा अवतार नाही ही प्रतिज्ञा घेणाऱ्यांनी भीम कुणाचा अवतार आहे हे ऐकून टाळ्या वाजवू नयेत. तसेच, ज्या गाण्यात दुसऱ्या दलित जातीला कमी लेखले आहे किंवा बाईला पुन्हा फक्त नाचण्यापुरते ठेवले आहे, ते निळ्या झेंड्याखाली वाजले तरी आपले नव्हे.

गाण्याचा अर्थ किती खोल जाऊ शकतो हे पाहायचे तर विलास घोगरे आठवा. ११ जुलै १९९७ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला, दहा जण गेले. डाव्या चळवळीत आयुष्य घालवलेल्या या शाहिराने काही दिवसांतच आपले जीवन संपवले. जाताना त्याच्या डोक्याला निळी पट्टी होती. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ तिथूनच सुरू होतो. ज्याची गाणी आपण ऐकत होतो, त्याचे मन आपण ऐकले होते का, हा प्रश्न सगळ्याच चळवळींना आहे.

म्हणून मित्रांनो, येत्या वर्षासाठी एक काम सुचवतो. प्रत्येक वस्तीत, प्रत्येक विहारात अशा आज्जी आहेत. फोन काढा, त्यांची गाणी, ओव्या, पाळणे रेकॉर्ड करा. गाणे कुठे शिकलात, कुणाकडून, तेव्हा गावात काय चालले होते, हेही विचारा. जुन्या जलसेकऱ्यांच्या घरी हस्तलिखित वह्या वाळवी खात पडल्या असतील, त्यांचे फोटो काढा. ऐंशीच्या दशकातल्या कॅसेट कुणाकडे असतील तर त्या जपा. महिन्यातला एक रविवार गाणे ऐकण्यासाठी ठेवा. एक गाणे घ्या, तीन प्रश्न विचारा, चर्चा करा. माणगाव आपल्या जिल्ह्यात आहे. २१ आणि २२ मार्च १९२०च्या परिषदेत शाहू महाराजांनी बाबासाहेबांकडे बोट दाखवून हा तुमचा पुढारी असे सांगितले, तो प्रसंग कोणकोणत्या गाण्यांत कसकसा आला आहे, एवढेच गोळा केले तरी एक ग्रंथ होईल. आणि हे काम आपण केले नाही तर दुसरे कुणी करणार नाही.

त्या तरुणाने पुढच्या रविवारी आज्जींना बोलते केले. त्यांना एकवीस गाणी येत होती. त्यातली चार आम्ही आयुष्यात कधी ऐकली नव्हती. त्याने ती सगळी उतरवून घेतली आणि प्रत्येक गाण्याखाली आज्जींनी सांगितलेला संदर्भ लिहिला. ‘मायबाप’ आलेल्या गाण्याखाली त्याने लिहिले आहे, “हा शब्द आधी पाटलाचा होता.”

जयंती येईल, आपण पुन्हा बिंदू चौकात असू, पुन्हा नाचू. पण यंदा नाचताना शब्द माहीत असू द्या.

जयभीम! नमो बुद्धाय!